आदिओस आप्पा

पेणमध्ये कोणाच्याही घरून निघताना माणूस "येतो" म्हणतो. जाणाऱ्याने "जातो" म्हणायचं नाही, एवढा एक नियम पाळला की निरोपाचा विधी आटोपतो. आप्पा मात्र उंबऱ्यावर थांबतात, चपलेत पाय सरकवतात, उजवा हात टोपीच्या कडेला लावतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "आदिओस!" घरातलं लहान मूल दचकतं, यजमानीण आतून विचारते, "काही राहिलं का हो?" आणि आप्पा समाधानाने पायऱ्या उतरतात.

एकदा समाचाराला गेले असतानाही ते तसंच म्हणाले. बसले होते शहाण्यासारखे, "वय झालं होतं" वगैरे वेळेवर बोलले, पण उठताना सवयीने हात टोपीकडे गेला. बाहेर आल्यावर बरोबरच्या मंडळींनी त्यांना फैलावर घेतलं. आप्पा शांत. म्हणाले, आदिओस या शब्दाचा अर्थच मुळी 'देवाच्या हवाली' असा आहे, तेव्हा त्या घरात प्रसंगाला धरून बोललेला माणूस मी एकटाच. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. आप्पांचं हे असंच असतं. वागणं चुकलेलं असतं आणि व्युत्पत्ती बरोबर असते.

आप्पांचं खरं नाव पासपोर्टावर आणि आता आधारकार्डावर आहे, बाकी कुठे ते वापरात नाही. वय पंचाहत्तरीच्या पुढे. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेली. पनामाचा कालवा, पेरूमधलं कायाओ, चिलीमधलं वालपराइसो, अर्जेंटिनामधलं ब्वेनोस आइरेस ही नावं ते वडखळ, कासू, नागोठणं म्हणावं इतक्या घरगुतीपणे घेतात. समुद्र सुटल्यावर पेणला घर बांधलं. सासुरवाडी रोह्याची. तिथे बायकोच्या वाट्याला आलेला भाताच्या जमिनीचा तुकडा आहे, त्याच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा तरी दिवा-रोहा गाडीने रोह्याला जातात. डोक्यावर पनामा टोपी. भर मे महिन्यात पेणच्या एसटी स्टँडवर ती टोपी लांबूनही ओळखू येते. तिच्याकडे कोणी पाहिलं रे पाहिलं की आप्पा सांगायला सुरुवात करतात, की पनामा टोपी पनामाची नसतेच, ती मूळची एक्वादोरची. पनामामार्गे जगभर गेली म्हणून तिला ते नाव चिकटलं. हे अगदी खरं आहे. त्यांची स्वतःची टोपी मात्र कुर्ल्याच्या फुटपाथवरची आहे, हे काकूंकडून कळतं.

इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येतं. पण नुसतं इंग्रजी ते कधी बोलत नाहीत. मित्राला 'आमिगो', आभाराला 'ग्रासिआस', उद्याला 'मान्याना', आणि हो म्हणायचं तर 'सी, सी'. या शेवटच्या शब्दाने एकदा घोटाळा केला. एका बँकेत ते ठेवीचं काही विचारायला गेले. काउंटरवरचा नवा मुलगा घाईत होता, त्याने विचारलं, "आजोबा, खातं कुठलं? सेव्हिंग, करंट, सीसी?" आप्पांना फक्त शेवटचा शब्द ऐकू आला आणि तो आवडला. "सी, सी!" म्हणाले. पुढचा अर्धा तास बँक त्यांच्याकडे कॅश क्रेडिटसाठी धंद्याचा ताळेबंद मागत होती आणि आप्पा तिला कायाओ बंदराचं वर्णन ऐकवत होते.

हा नाद त्यांना का लागला, याचं उत्तर स्पेनमध्ये नाही, पेणमध्ये आहे. आप्पांच्या लहानपणी इथे इंग्रजी बोलणं ही मोठी गोष्ट होती. मामलेदाराला यायचं, वकिलाला यायचं, हेडमास्तरांना यायचं. चार वाक्यं सलग बोलणाऱ्या जावयाला पंगतीत मानाचा पाट मिळायचा. आप्पा अर्धं आयुष्य खाऱ्या पाण्यावर घालवून ते इंग्रजी कमावून आले आणि बघतात तो काय, गल्लीतली बालवाडीची पोरं "मे आय गो टू टॉयलेट" म्हणत नाचताहेत, रिक्षावाला धक्का मारून "सॉरी अंकल" म्हणतोय, पोहे-पापडांच्या दुकानातली बाई गिऱ्हाइकाला "कॅरीबॅग एक्स्ट्रा" सांगतेय. आयुष्यभर जपलेली नोट चलनातून बाद व्हावी तशी आप्पांची स्थिती झाली. तेव्हा ते एक मजला वर गेले. इंग्रजी सगळ्यांना येतं ना, ठीक आहे. इंग्रजीतलं स्पॅनिश किती जणांना येतं?

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही असे आप्पा काही कमी नाहीत. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आधी मेक्सिकोचा होता. तिथल्या गुराख्यांनी मेक्सिकन गुराख्यांकडून धंदा उचलला आणि धंद्याबरोबर रँच, रोडिओ, लॅसो हे शब्दही उचलले. मग सिनेमावाल्यांनी तो गुराखी जगभर नेला. तेव्हापासून आयोवातल्या एखाद्या विमा एजंटलाही, ज्याने जन्मात घोडा पाहिला नाही, मित्राच्या पाठीवर थाप मारून 'आमिगो' म्हणावंसं वाटतं. आपण मराठी माणसं मोठेपणा आणायला इंग्रजीत शिरतो, तर इंग्रजीतली माणसं मोकळेपणा आणायला स्पॅनिशमध्ये शिरतात. आप्पांना दोन्ही एकदम हवं असतं.

शिवाय मुलूखही असा, की भाषेच्या जोरावर इथे कोणावर छाप पाडणं अवघड. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५चा. त्या माणसाने दुसऱ्यांचे धर्मग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून कितीतरी भाषा शिकून घेतल्या. रोह्याकडे वळावं तर चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि वर मेघदूताचं मराठी भाषांतर. या दोन गावांच्या मधोमध आप्पा, जे एक परकी भाषा निरोप घेण्यापुरती शिकले. पण निरोप घ्यावा तर आप्पांनीच.

दुपारी एक ते चार पेणची बाजारपेठ शटर अर्ध्यावर ओढून आडवी होते. याला कोणी नाव दिलेलं नाही. जेवणानंतर माणूस झोपतो, यात नाव देण्यासारखं काय आहे? आप्पा सिएस्ता घेतात. सूर्योदयापासूनचा सहावा तास, म्हणजे भर दुपार, यावरून तो शब्द आला हे ते सांगतात आणि सांगता सांगता जांभई देतात. दुपारी फोन आला तर काकू उचलतात आणि म्हणतात, "झोपलेत." आतून आवाज येतो, "सिएस्ता म्हण गं!" काकू फोनमध्ये सांगतात, "झोपलेत, आणि झोपेत बोलतायत."

त्यांचा एकच शब्द पेणने आपण होऊन स्वीकारला, तो म्हणजे मान्याना. शब्दाचा अर्थ उद्या. पण इंग्रजीत तो गेला तो उद्या म्हणून गेला नाही. 'होईल कधीतरी, एवढी काय घाई आहे' हा सगळा ऐवज घेऊन गेला. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली पोरं दहावीला बसायची वेळ आली तरी त्या रस्त्यावर कुठेतरी वळसा घ्या, पुढे काम चालू आहे, असा बोर्ड दिसतच राहिला. वडखळच्या कोंडीत अडकलेल्या जीपमध्ये आप्पांनी एकदा हा शब्द अर्थासकट समजावून सांगितला. घामाघूम माणसं अर्धा तास दुसरं काही करू शकत नव्हती, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. आता त्या बाजूचे जीपवाले पाऊण तास उशीर झाला की फोनवर सांगतात, "मान्यानात आहे, येतो." त्यांना वाटतं ते गावाचं नाव आहे.

आप्पांना याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. शब्द सगळ्यांच्या तोंडी गेला की त्यातलं तेज जातं असं त्यांचं मत. आणि इथेच त्यांची खरी पंचाईत आहे, कारण ते ज्या मजल्यावर चढून बसलेत तिथे गाव त्यांच्या आधीच पोचलेलं आहे, आणि तेही जिना न मोजता. टोल नाक्याला टोल प्लाझा म्हणतात, तो प्लाझा स्पॅनिश. व्हॅनिला आइस्क्रीममधला व्हॅनिला स्पॅनिश. टोमॅटो आणि चॉकलेट मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांचे, पण जगाला वाटले स्पॅनिश लोकांनी. दिवाळीच्या आधी साड्यांच्या दुकानावर भला मोठा फलक लागतो, 'महा बोनान्झा सेल'. तो वाचून आप्पा एकदा आत शिरले. दुकानदाराला त्यांनी विचारलं, "बोनान्झा म्हणजे काय, ठाऊक आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, की बोनान्झा म्हणजे स्पॅनिश खलाशाला हवा असलेला शांत समुद्र, उघाडीची हवा. पुढे अमेरिकेतल्या खाणवाल्यांना चांदीची मोठी शीर लागली की ते बोनान्झा म्हणू लागले, आणि शब्द दर्यावरून जमिनीवर आला. तेव्हा या शब्दावर पहिला हक्क माझ्यासारख्या दर्यावर्दी माणसाचा. दुकानदाराने सगळं नीट ऐकलं. "काका, दोन घेतल्या तर तिसरी फ्री," तो म्हणाला. आप्पा तीन साड्या घेऊन घरी आले. काकूंना त्यातली एकही आवडली नाही.

थंडीत पोपटीचे दिवस येतात. रायगडात राहिलेल्या माणसाला पोपटी समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला, आत वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं पालथं घालायचं आणि शेतात भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. वास सुटला की बांधाबांधावरून माणसं येतात. आप्पा जाळापाशी उभे राहून दोन्ही हात पसरून म्हणतात, "आहा, बार्बेक्यू!" कॅरिबियन बेटांवरच्या मूळ लोकांचा काठ्यांचा मांडव, त्यावर मांस भाजायचं, स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. एकदा हे चालू असताना मडकं फोडायची वेळ झाली, आणि वेळ चुकली तर शेंगा करपतात. पोपटी लावणारा म्हातारा कातावला. "आप्पा, त्या तुमच्या बार्बेक्यूवाल्याला वाल माहीत हाय का?" आप्पा म्हणाले, नाही. "मग जरा बाजूला सरा."

इतका अधिकार गाजवणाऱ्या माणसाला स्पॅनिश येतं तरी किती? याचा उलगडा मागच्या गणपतीत झाला. काकूंच्या भावाची नात पुण्यात स्पॅनिश शिकते. हल्ली कंपन्यांना स्पॅनिश जाणणारी मुलं लागतात, लॅटिन अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची बिलं तपासायला वगैरे. ती आरतीला आली आणि प्रसादाचा मोदक हातात घेऊन तिने आजोबांशी भाषेचा सराव सुरू केला. पहिलं वाक्य झालं, आप्पा हसले. दुसरं झालं, आप्पा म्हणाले, "सी, सी." तिसरं वाक्य प्रश्न असावं, कारण ती उत्तराची वाट पाहत राहिली. आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नो प्रोब्लेमो."

"आजोबा, असं स्पॅनिशमध्ये कोणी म्हणत नाही," पोरगी निष्पापपणे म्हणाली. "प्रोब्लेमा असतं ते. प्रोब्लेमो हे अमेरिकन लोकांनी बनवलंय, शेवटी ओ लावला की स्पॅनिश होतं असं वाटून."

खोलीत शांतता पसरली. शेवटी ओ लावायची युक्ती आप्पांनीही पुष्कळ वापरलेली होती. नातवंडांना हाका मारताना त्यांनी खिडकीचा खिडकीओ आणि चहाचा चहाओ केल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं. पण काकूंनी त्याहून पुढची गोष्ट सांगितली. "अगं, हे बंदराला कुठे उतरायचे? बोट धक्क्याला लागली की इंजिनाची दुरुस्ती. वरची माणसं शहर बघून यायची, हे खाली पान्हा घेऊन. यांचं सगळं स्पॅनिश त्या फिलिपिनो बोसनकडून आलंय. तो यांना रोज सकाळी 'कुमुस्ता' म्हणायचा."

आप्पांचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. पडला नाही. 'कुमुस्ता' म्हणजे स्पॅनिश 'कोमो एस्ता', कसे आहात, हे त्यांनी तत्काळ सांगितलं. १५६५ पासून १८९८ पर्यंत फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं, त्या देशाचं नावच मुळी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरून पडलेलं, तो नुसता राजपुत्र होता तेव्हा. म्हणजे शिकलो ते घराण्याच्या गादीवरूनच शिकलो. पोरीने मोदक संपवला.

या दुसऱ्या फिलिपवर आप्पांचं विशेष प्रेम आहे. दिवा-रोहा गाडीत बसलं की ते त्याच्यावर येतात. डब्यात धाटावच्या एमआयडीसीतली दुसऱ्या पाळीची मंडळी असतात, डबा मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. आप्पा खिडकीतून बाहेर बोट दाखवतात. बाहेर खाजण आणि बगळे. ते सांगतात, "ही आपली कुंडलिका रोह्यावरून जाते ती कुठे? रेवदंड्याच्या खाडीला. तिच्या मुखाशी उत्तरेला रेवदंड्याचा कोट, दक्षिणेला कोर्लईचा किल्ला. रेवदंड्याला पोर्तुगिजांनी कोट बांधायला घेतला १५२१ साली. पण १५८० साली पोर्तुगालची गादी गेली कोणाकडे? स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे! १६४० पर्यंत साठ वर्षं दोन्ही मुकुट एका डोक्यावर. आणि कोर्लई निजामशाहीकडून पोर्तुगिजांनी घेतली ती १५९४ला. म्हणजे त्या घटकेला आपल्या नदीच्या तोंडाशी राज्य स्पेनच्या राजाचं होतं, आमिगो!"

हेही खरं आहे. बोलताना ते पोर्तुगीज अधिकारी, पोर्तुगीज शिपाई, पोर्तुगीज कारभार हा सगळा तपशील गाळतात आणि वरचा मुकुट तेवढा ठेवतात, एवढंच. एकदा धाटावच्या एका तरुण वेल्डरने डोळे न उघडता विचारलं, "मग आप्पा, त्या राजानं रस्त्याचं काम केलं का?"

पोर्तुगीज हे आप्पांचं दुखणं आहे. त्यांच्या लेखी ते शेजारच्या आळीतले गरीब नातेवाईक. कोर्लईत आजही काही शे ख्रिस्ती माणसं पोर्तुगीजातून जन्मलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. १७४० साली पोर्तुगीज चौल-रेवदंडा मराठ्यांना देऊन निघून गेले, दरबार गेला, फौज गेली, पण बोली घराघरात राहिली, तीही मराठीच्या शेजारात वाक्याची रचना मराठीसारखी करून घेत. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खा ग्रंथ लिहिला. तो माणूस अमेरिकेहून कोर्लईत आला. पेणहून आप्पा गेले नाहीत. कोणी विषय काढला की म्हणतात, "ते पोर्तुगीज हो," आणि खिडकीबाहेर बघतात.

वास्तविक आप्पांचा सबंध दिवस पोर्तुगिजांत जातो. सकाळी बादलीत पाणी, हाताला साबण, न्याहारीला बटाट्याची भाजी आणि पाव, मग इस्त्रीचा शर्ट, तिजोरीच्या कप्प्यातली चावी, दुपारी कोबीची पचडी, संध्याकाळी मिस्त्रीकडे जाऊन गच्चीचं काम कुठवर आलं ते बघायचं आणि घमेल्यांचा हिशेब करायचा, हापूस आला असेल तर त्याचा भाव विचारायचा. जहाजावर ज्याच्यासाठी एवढं राबले तो पगारसुद्धा पोर्तुगीज. पण हे शब्द बिचारे बिनभाड्याने इतकी वर्षं राहिलेत, की घरातल्यांना त्यांचं कौतुक नाही. आप्पांना पाहुणा हवा असतो, ज्याची ओळख करून देता येईल.

त्यांच्या बरोबरीला टिकतील असे पेणमध्ये एकच गृहस्थ आहेत, ते निवृत्त इतिहासशिक्षक. त्यांच्याशी आप्पांचा वाद 'गेरिला' या शब्दावरून झाला. आप्पांचं म्हणणं, महाराजांच्या गनिमी काव्याला इंग्रजी पुस्तकं काय म्हणतात? गेरिला वॉरफेअर. शब्द कोणाचा? स्पॅनिश. म्हणजे छोटी लढाई. गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, नेपोलियनची फौज स्पेनमध्ये शिरली १८०८ साली, त्या लढाईतून तो शब्द इंग्रजीत आला. महाराज गेले १६८० साली. सव्वाशेहून जास्त वर्षं आधी आमच्याकडे माल तयार होता, फक्त लेबल नंतर लागलं. आणि त्या लढाईत इंग्रजांचा सेनापती कोण, तर वेलिंग्टन, म्हणजेच आर्थर वेलस्ली, जो १८०३ साली असईला मराठ्यांशी लढून गेला होता. आप्पा, शिकवणी इथे झाली, पेपर तिकडे लिहिला! आप्पांनी यावर गुरुजींना चहा पाजला. आठवड्याने तोच मुद्दा त्यांनी गाडीत, स्वतःचा म्हणून, वेल्डरला सांगितला.

त्या दिवशी मीही त्या गाडीत होतो, आणि रोह्याला उतरल्यावर आप्पांबरोबर मासळी बाजारात गेलो. पाऊस ओढ देऊन बसला होता. आवणं खोळंबलेली, आप्पांचा तुकडाही त्यातलाच. बाजारात एका मावशींकडे मध्यम आकाराचा जिताडा होता. जिताड्याची या भागात काय पत आहे हे वेगळं सांगायला नको. सरकारी काम अडलं की आधी अर्ज जातो आणि मागून जिताडा, असं जुनी माणसं म्हणतात. आप्पांनी मासा उलटापालटा करून पाहिला, कल्ले उघडून पाहिले.

"कसा दिला?"

"आठशे किलो."

"आठशे? गेल्या महिन्यात सहाशे होता!"

"गेल्या महिन्याला अल निनो नव्हता," मावशी म्हणाल्या.

आप्पांचा हात कल्ल्यातच राहिला. मावशींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घातली आणि सांगितलं, की टीव्हीवर रोज सांगतात, तिकडे लांब समुद्र तापलाय, म्हणून इकडे पाऊस नाही. पाऊस नाही म्हणून खाडीला वरून गोडं पाणी नाही. पाणी नुसतं खारट, मासळी आत चढत नाही. मग आठशे नाही तर काय?

आप्पांची सगळी हयात ज्या क्षणासाठी गेली होती तो समोर उभा होता. त्यांनी टोपी नीट केली. "मावशी, तो अल निनो नाही. एल निन्यो. स्पॅनिश शब्द आहे. निन्यो म्हणजे बाळ. येशूबाळ! पेरू देशाच्या किनाऱ्यावर नाताळच्या सुमाराला समुद्राचं पाणी गरम व्हायचं, म्हणून तिथल्या मच्छीमारांनी ते नाव ठेवलं. मी गेलोय तिथे. कायाओला."

मावशींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मच्छीमारांनी ठेवलं?"

"सी, सी. मच्छीमारांनी."

"पाणी गरम झालं की तिकडे पण मासळी जाते?"

"जाते तर! खालचं गार पाणी वर येत नाही, माशाला खाणं मिळत नाही. जाळी रिकामी."

"मग तवा ते काय भाव लावतात?"

आप्पा गप्प. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही आप्पांकडे बघू लागली. बाजारात एवढ्या मोलाचा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. आमिगो, आदिओस, ग्रासिआस, काहीच उपयोगाचं नव्हतं.

"तुमी गेलावता ना तिथं?" मावशींनी विचारलं. "बाजार नाय बघितला?"

"आमची बोट दुरुस्तीला होती," आप्पा म्हणाले.

मावशींनी मान हलवली, त्यात उपहास नव्हता. बोटीचं इंजिन बंद पडणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असावं. "त्यांनी बी वाढवलाच असंल," असा निकाल देऊन त्यांनी जिताडा तराजूत टाकला. आप्पांनी आठशेच्या भावाने पैसे मोजले. घासाघीस केली नाही. पिशवी घेताना ते फक्त "येतो" म्हणाले, आणि स्टेशनपर्यंत काही बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत पहिल्या पाळीचे लोक होते, नवे चेहरे. शेजारी बसलेल्या एकाने पिशवीतून बाहेर आलेली शेपटी पाहून विचारलं, "आप्पा, जिताडा कितीला पडला?" आप्पांनी टोपी मांडीवर काढून ठेवली, पंख्याच्या वाऱ्यात जरा डोकं गार होऊ दिलं, आणि म्हणाले की हा काहीच नाही, मासळीचा खरा बाजार बघायचा तर कायाओचा. निडीला गाडी थांबली तोवर आप्पा त्या बाजारात शिरले होते. नागोठण्याला त्यांनी एका पेरूवासी कोळणीशी अस्खलित स्पॅनिशमध्ये हुज्जत घातली, आणि कासू यायच्या आत, ऐन एल निन्योच्या वर्षात, भाव निम्म्यावर आणला.